पाय समेवर पडला पाहिजे: छोटा लूपर निवडताना आणि वापरताना

लूपर, म्हणजे वाजवलेलं भरून गोल फिरवत ठेवणारं गिटारचं पेडल, घरी आला त्या रविवारी मी चार कॉर्डचं एक साधं आवर्तन भरलं, ते फिरतं ठेवलं आणि त्यावर लीड, म्हणजे वरची सुरावट, वाजवायला घेतली. तिसऱ्या फेरीला मी पार भरकटलो. पुन्हा भरलं, पुन्हा तेच. पेडल सदोष निघालं असं धरून मी बिल शोधायला लागलो. खोलीत माझा तबला वाजवणारा मित्र चहा पीत बसला होता. त्याने आयुष्यात गिटार हातात घेतलेली नाही. मांडीवर बोटं टेकवत त्याने दोन फेऱ्या मोजल्या आणि म्हणाला, "अरे, पेडलला काही झालेलं नाही. तुझं आवर्तन पावणेसोळा मात्रांचं झालंय. समेच्या आधीच पाय देतोयस तू."

पेडल ठणठणीत होतं. चुकत होता तो माझा पाय: सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, यायच्या आधीच पडत होता. लूपरबद्दल नवख्यांना सांगण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं या एका प्रसंगात येतं. उरलेलं निम्मं म्हणजे खरेदी, वायरी आणि थोडा संयम.

लूपर करतो काय

हा पायाने चालणारा रेकॉर्डर आहे. पहिल्यांदा पाय दिला की भरायला लागतो. दुसऱ्यांदा दिला की भरलेला तुकडा गोल फिरवत राहतो. तिसऱ्यांदा दिला की त्या फिरत्या तुकड्यावर नवं भरून घेतो. या तिसऱ्या प्रकाराला ओव्हरडब म्हणतात. मी पुढे 'थर' म्हणणार आहे, तोंडात बसतं. पुष्कळ जण डिले पेडल आणि लूपर यांची गल्लत करतात. डिलेमधला प्रतिध्वनी हळूहळू विरून जातो. लूपरमधला आवाज तुम्ही थांबवेपर्यंत जसाच्या तसा येत राहतो, चुकीच्या सुरासकट.

कल्पना जुनी आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि संगीतकार ब्रायन ईनो यांनी दोन रिव्हॉक्स टेप रेकॉर्डर शेजारी ठेवून एकाची टेप दुसऱ्यात ओवली होती. पहिल्यावर भरलेला आवाज काही सेकंदांनी दुसऱ्यावर वाजायचा आणि तिथून परत पहिल्याकडे यायचा. तेव्हा त्याला टेबलभर जागा लागायची. १९९९ च्या लाइन सिक्स डीएल-फोर या डिले पेडलमध्ये १४ सेकंदांचा लूपर होता आणि त्या १४ सेकंदांवर लोकांनी अख्खे कार्यक्रम केले. २०१३ मध्ये टीसी इलेक्ट्रॉनिक कंपनीचा डिट्टो हा लूपर आला. एक बटण, एक नॉब, आकार जेमतेम तळहाताएवढा. आज बाजारात जे चिमुकले लूपर दिसतात त्यातले बरेचसे त्याच वळणाचे आहेत.

निवडताना: मिनिटं मोजू नका

डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं: ५ मिनिटं, १२ मिनिटं, १३ तास. नवखा माणूस तिथेच फसतो. साधा हिशेब करा. मिनिटाला ८० मात्रांची लय धरली तर एक मात्रा पाऊण सेकंदाची. चार-चार मात्रांचे चार बार म्हणजे १६ मात्रा, आपल्या तीनतालाच्या आवर्तनाएवढ्या. १६ गुणिले पाऊण, १२ सेकंद. म्हणजे डिट्टोच्या ५ मिनिटांत अशी २५ आवर्तनं मावतात आणि तुम्ही भरणार आहात एक. फार तर दोन. हे कळलं की मिनिटांचा आकडा डोक्यातून निघून जातो. तास लागतात ते वेगवेगळ्या गाण्यांचे लूप साठवून ठेवणाऱ्याला.

मग बघायचं काय? माझ्या मते सर्वांत आधी हे की लूप थांबवायचा कसा. एकाच बटणाच्या पेडलमध्ये थांबवण्यासाठी लागोपाठ दोनदा पाय द्यावा लागतो, माउसच्या डबल क्लिकसारखा. घरी हे सोपं वाटतं. गाण्याच्या शेवटी, चार माणसांसमोर, अचूक जागी दोनदा पाय देणं हे वेगळं प्रकरण आहे. शिवाय वाजत्या लूपवर पहिला ठोका पडला की बहुतेक पेडलं क्षणभर ओव्हरडबमध्ये जातात, त्यामुळे तेवढ्यात गिटारमधून निघालेला आवाजही आत जाऊन बसू शकतो. बॉस कंपनीच्या आरसी-१ आणि आरसी-५ या लूपरना वेगळा फूटस्विच जोडता येतो आणि थांबवण्याचं काम त्याच्यावर सोपवता येतं. मूळ डिट्टोला ती सोय नाही. ज्याला लोकांसमोर वाजवायचं आहे त्याने हा मुद्दा किमतीच्याही वर ठेवावा.

दुसरी गोष्ट, पहिला थर भरून झाल्यावर पेडल कुठे जातं. काही पेडलं भरणं संपलं की सरळ वाजवायला लागतात. काही तिथल्या तिथे पुढचा थर भरायला घेतात. काहींमध्ये दोन्हींपैकी निवडता येतं. नवख्याला पहिला प्रकार बरा, कारण पाय दिल्यावर गांगरून तारेला हात लागला तरी तो आवाज भरला जात नाही.

तिसरी, ताल आत हवा का. बॉसच्या आरसी-५ मध्ये ९९ लूप साठवायची सोय आणि ५७ ठेके आहेत. एनयूएक्सच्या लूप कोअरमध्येही ठेके आहेत. ठेक्याबरोबर भरलं की बरीच पेडलं लूपची लांबी आपोआप जवळच्या बारपर्यंत ओढून घेतात, म्हणजे पाय किंचित चुकला तरी सांभाळून घेतात. एकट्याने रियाज करणाऱ्याला याचा मोह होणारच. माझं मत विचाराल तर पहिला लूपर ठेक्याशिवायचा घ्या. सांभाळून घेणारं पेडल पायाला शिकवत नाही, आणि पाय एकदा शिकला की कुठलंही पेडल चालतं. हे मत न पटणारे पुष्कळ आहेत, त्यांचंही पेडल छान वाजतं.

बाकीचं झटपट. स्टिरिओ हवं असेल तर आरसी-१ आहे, त्याच्यात गोल फिरणारे दिवे आहेत आणि आवर्तन कुठवर आलंय ते त्यांवरून दिसतं. नवख्याला हे दिवे फार उपयोगी पडतात. डिट्टोवर एकच दिवा, भरताना लाल आणि वाजताना हिरवा. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या ३६० आणि ७२० या नावांत काही गूढ नाही, ते सेकंद आहेत, म्हणजे ६ आणि १२ मिनिटं. मूअर, डॉनर अशा चिनी कंपन्यांचे छोटे लूपर बरेच स्वस्त असतात आणि शिकण्यापुरते अगदी चालतात. घेताना दोनच गोष्टी तपासा: बटण दाबताना मोठा 'टक्' आवाज होतो का, आणि लूप फिरत असताना तुमच्या चालू वाजवण्याचा आवाज बदलतो का. मिनी आकाराच्या पेडलमध्ये बॅटरी सहसा बसत नाही, तर आरसी-१ सारख्या नेहमीच्या आकारात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी जाते.

जमलं तर दुकानात पाय देऊन बघा. मुंबईत धोबी तलावला फुर्टाडोजसारख्या दुकानात गिटार लावून तपासता येतं. तिथे बूट काढा, कारण घरी तुम्ही अनवाणीच वाजवणार आहात. लहान, उंच, टोकदार बटण बुटाखाली जाणवत नाही आणि अनवाणी पायाला अर्ध्या तासात टोचायला लागतं.

सेकंडहँड घेत असाल तर विकणाऱ्यासमोर वीस-पंचवीस वेळा भरा आणि थांबवा. सततच्या लाथांनी लूपरचं बटण सगळ्यात आधी जातं. एका दाबाला दोन दाब लागल्यासारखं वागत असेल तर नमस्कार करून निघा.

वीज: इथे पेडलं मरतात

बरेच लूपर अडॅप्टरशिवाय येतात. डब्यात शोधत बसू नका, यादीत आधीच धरा. बहुतेक गिटार पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतं आणि पिन आतून ऋण, बाहेरून धन अशी असते. पेडलवर गोल चिन्ह असतं, त्यात मधल्या ठिपक्याला वजाची खूण जोडलेली दिसते. अडॅप्टरवरही तेच चिन्ह असायला हवं. घरातल्या इतर यंत्रांचे पुष्कळ अडॅप्टर नेमके उलटे, म्हणजे आतून धन असतात.

माझं पहिलं पेडल मी असंच मारलं. लूपर नव्हता, आवाज खरखरीत करणारं साधं डिस्टॉर्शन होतं. वायफाय राउटरचा अडॅप्टर पिनमध्ये बसला म्हणून खोचला. तो १२ व्होल्टचा होता. एक बारीकसा वास आला, बस. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं आणि परत बंद करून हातात दिलं.

व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. मिलिअँपिअर मात्र पेडलच्या गरजेएवढे किंवा जास्त असले तरी चालतात. डिट्टोला १०० मिलिअँपिअर लागतात. ५०० चा अडॅप्टर लावला म्हणून ते ५०० ओढत नाही, त्याला हवं तेवढंच घेतं. एकाच अडॅप्टरची माळ करून चार पेडलं चालवली आणि त्यात लूपरही घेतला की अनेकदा मागे बारीक किणकिण ऐकू येते. डिजिटल पेडलांचा हा स्वभाव आहे. लूपरला स्वतःचा अडॅप्टर द्या किंवा प्रत्येक जोड वेगळी असलेला पॉवर सप्लाय घ्या. लूपरमध्ये ही किणकिण जास्त बोचते, कारण ड्राइव्ह (डिस्टॉर्शनच्याच जातीचं पेडल) आणि डिलेमधून आलेला आवाज तो थराथराने साठवतो. चार थर भरले की चार थरांची किणकिण.

जोडणी

सगळ्यात साधी जोडणी: गिटारची केबल पेडलच्या उजव्या जॅकमध्ये, डाव्या जॅकमधून अ‍ॅम्पमध्ये. पेडल समोर ठेवल्यावर बहुतेकांमध्ये आत जाणारा जॅक उजवीकडे असतो. सुरुवातीला काहीच आवाज आला नाही तर आधी केबली उलट्या लागल्यात का ते बघा.

इतर पेडलं असतील तर लूपर सर्वांत शेवटी. ट्यूनर, मग ड्राइव्ह, मग कोरस वगैरे, मग डिले, मग लूपर. शेवटी असला की प्रत्येक थर त्या त्या वेळच्या आवाजासकट साठतो: पहिला स्वच्छ, दुसरा डिलेचा, वरची लीड डिस्टॉर्शनची. लूपर ड्राइव्हच्या आधी ठेवलात तर लीडसाठी ड्राइव्ह चालू करताच फिरणारा अख्खा लूपही खरखरायला लागेल. आणि तुम्ही पेडलऐवजी अ‍ॅम्पमधलंच डिस्टॉर्शन वापरत असाल तर लूपर अ‍ॅम्पच्या पुढे लावून उपयोग नाही. सगळे थर एकत्र होऊन त्या डिस्टॉर्शनमध्ये घुसतात आणि चिखल होतो. अशा वेळी अ‍ॅम्पच्या मागे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक आहेत का बघा. सेंडमधून लूपरमध्ये, लूपरमधून रिटर्नमध्ये. तेवढ्याने आवाज निवळतो.

अकूस्टिक गिटारवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: गिटारमध्ये पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग, हवा. माइकची केबल या पेडलमध्ये थेट जात नाही, आणि पिन बदलणारा जोड लावून घुसवली तरी आवाज फार क्षीण येतो. पिकअप नसेल तर साउंडहोलवर बसणारा साधा पिकअप घ्या. त्याचा एक जोडफायदा असा की गिटारच्या लाकडावर अंगठ्याने थाप मारली की तीही थोडीफार भरली जाते, आणि डग्गा फुकटात मिळतो.

पहिला आठवडा: गिटार जवळपास नकोच

पेडल घरी आल्यावर लगेच गाणं भरायला जाऊ नका. आधी ते जमिनीवर पक्कं बसवा. हे मिनी लूपर वजनाला हलके असतात, आणि आपल्या घरातल्या गुळगुळीत लादीवर पाय दिला की पुढे पळतात. मी आईचा एक जुना पाट घेतला, त्यावर वेल्क्रो चिकटवलं आणि पेडल त्यावर बसवलं. पाट हलत नाही, शिवाय थोडी उंची मिळते. गेली काही वर्षं माझा पेडलबोर्ड तोच आहे आणि आई अजून पाट परत मागते.

खुर्चीवर बसा. टाच जमिनीवर टेकलेली, पुढचा पंजा बटणाच्या वर. तुम्ही सवयीने ज्या पायाने ताल धरता तोच पाय बटणासाठी वापरा. पुष्कळ जण उलटं सांगतात. पण ताल धरणारा पाय आधीच मात्रेवर पडत असतो. त्याला फक्त समेला बटणावर पडायचं आहे. दुसरा पाय वापरलात तर त्याला लय नव्याने शिकवावी लागते.

आता पहिला धडा. फोनवर मेट्रोनोम ८० वर लावा. तोंडाने १६ मात्रा मोजा, दोन-तीन आवर्तनं नुसतीच. लय अंगात आली की समेवर एकाच वेळी बटण दाबा आणि एकच तार छेडा. लगेच तळवा ठेवून ती बंद करा. पुढच्या १५ मात्रा काही वाजवू नका, फक्त मोजा. सोळावी मात्रा म्हणा, आणि तिच्यानंतरच्या समेवर पुन्हा पाय द्या.

नवख्यांची चूक नेमकी इथे होते. सोळा म्हणून झाल्याबरोबर पाय पडतो. गाडी सुटेल अशी धास्ती असते. पण सोळावी मात्रा अजून संपलेली नाही, तिला तिची पाऊण सेकंदाची जागा हवी आहे. आवर्तन सोळाव्या मात्रेवर संपत नाही, ते पुढच्या 'एक'वर पूर्ण होतं. तबला शिकणाऱ्या लहान मुलाला हे पहिल्या महिन्यात कळतं. आम्ही गिटारवाले 'वन टू थ्री फोर' मोजत वाढलो आणि चारवर थांबायची सवय लागली.

आता लूप फिरेल आणि दर फेरीला एकदाच 'टण' वाजेल. मेट्रोनोम बंद करू नका. टण आणि मेट्रोनोमचा ठोका एकावर एक पडतोय का ऐका. पहिल्या दोन फेऱ्यांत पडेलच. दहाव्या फेरीपर्यंत थांबा. समजा तुमचा पाय सेकंदाच्या तीन शतांशाने उशिरा पडला. लूप १२ सेकंदांचा न होता १२.०३ चा झाला. एका फेरीत हे कुणाच्याही कानाला कळणार नाही. दहा फेऱ्यांनंतर फरक ०.३ सेकंदाचा होतो, आणि मात्राच पाऊण सेकंदाची असल्यामुळे तो जवळजवळ अर्ध्या मात्रेएवढा भरतो. टण स्पष्टपणे मागे पडलेला ऐकू येतो. आधी वाजला तर पाय घाईचा, नंतर वाजला तर सुस्त. किती फेऱ्यांनी फरक कळला ते वहीत लिहा. माझी सुरुवात चार फेऱ्यांपासून झाली. तीन आठवड्यांनी वीसपर्यंत गेलो.

म्हणूनच लूप वाजत असताना मेट्रोनोमवर किंवा तबल्याच्या अ‍ॅपवर पूर्ण गाणं वाजवायचा प्रयत्न करू नका. दोन घड्याळं कधीच जुळत नाहीत. एकदा लूप फिरायला लागला की तोच मेट्रोनोम.

टण जमला की तारांवर डावा हात हलका ठेवून नुसती 'चक' भरा: दर मात्रेला एक. लूपच्या जोडावर, म्हणजे सोळा आणि एक यांच्या मध्ये, अंतर इतर ठिकाणांएवढंच ऐकू यायला हवं. डोळे मिटून ऐका आणि जोड कुठे आहे ते ओळखायचा प्रयत्न करा. ओळखता आला नाही तर जमलं.

कॉर्ड आणि जोड

आता खऱ्या कॉर्ड. ए मायनर, एफ, सी, जी, प्रत्येकी चार मात्रा. भरण्याआधी एक पूर्ण आवर्तन नुसतं वाजवा आणि वाजवता वाजवताच समेवर पाय द्या. थंड हाताने पहिल्या स्ट्रमपासून सुरू केलं की पहिला बार नेहमी दबकत वाजतो, आणि तो दबकेपणा दर बारा सेकंदांनी परत येतो.

शेवटची कॉर्ड जोडावर कचकन तुटते, अशी तक्रार सगळ्यांची असते. कारण उघड आहे: जीची कॉर्ड घुमत असताना तुम्ही भरणं बंद केलंत, मग पुढच्या फेरीत तिचं शेपूट कुठून येणार? सोपा उपाय, सोळाव्या मात्रेच्या उत्तरार्धात तळव्याने तारा दाबा, म्हणजे तुटायला काही उरतच नाही. दुसरा उपाय, पेडल भरण्यातून थेट ओव्हरडबमध्ये जाणारं असेल तर सम ओलांडून शेवटची कॉर्ड घुमू द्या. तिचं शेपूट लूपच्या तोंडाशी जाऊन बसतं आणि जोड नाहीसा होतो. मग पाय देऊन वाजण्यावर या.

गिटार सुरात लावून मगच भरा. भरल्यानंतर तार उतरली तर लूप उतरत नाही, तुम्ही उतरता. कॅपो काढला-लावला तरी तेच.

थर चढवताना

नवखे लोक पहिल्याच थरात सहाही तारांचं भरगच्च स्ट्रमिंग भरतात. त्यानंतर काहीही चढवलं तरी ऐकू येत नाही. गिटारचा आवाज एकाच पट्टीत राहतो, म्हणून जागा आधीपासून ठेवावी लागते.

मी असं करतो. पहिला थर: कॉर्ड, पण वरच्या चार तारांवर, मानेकडचा पिकअप, टोनचा नॉब अर्ध्यावर, हात हलका. दुसरा थर: पाचव्या-सहाव्या तारेवर कॉर्डचा मूळ स्वर, पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला. तिसरा: दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला दाबलेल्या तारांची चक. बस. चौथा थर चढवायची खुमखुमी आली की मी हात मागे घेतो, दहातल्या आठ वेळा तो लागत नाही. हे तिन्ही थर भरताना गिटारचा आवाज सातवर ठेवायचा आणि लीडसाठी दहावर न्यायचा. लूपरवरचा एकुलता एक नॉब लूपचा आवाज कमी-जास्त करतो, तोही लीडच्या आधी थोडा उतरवा. लीड पुलाकडच्या पिकअपवर, पाचव्या पडद्यापाशी ए, सी, डी, ई, जी हे पाच स्वर. तेवढ्यावर महिनाभर पुरेल इतकं सापडतं.

ओव्हरडबही समेवरच सुरू करायला हवा असं नाही, कारण लांबी आता ठरून गेली आहे. कुठेही आत शिरा. चुकलात तर पाय दाबून धरा, बहुतेक पेडलांत शेवटचा थर निघून जातो. पुन्हा दाबून धरला तर परत येतो. या निघण्या-येण्याचा एक झकास उपयोग आहे: शेवटचा थर म्हणून ध्रुवपदापुरती काही वाढीव गोष्ट भरा, कडव्याला ती काढा, ध्रुवपदाला परत आणा. एका बटणाच्या पेडलवर गाण्याला दोन भाग मिळतात. दाबून धरायला थोडा वेळ लागतो, तेवढं आधी दाबायचं, हे दोन दिवसांत अंगवळणी पडतं.

१६ मात्रांनाच बांधलेले आहात असंही नाही. दादऱ्याच्या ६ मात्रा भरा, केहरव्याच्या ८ भरा, रूपकच्या ७ भरा. ठेके नसलेल्या लूपरला ताल कळतच नाही, तुम्ही जेवढं द्याल तेवढं तो फिरवतो. ठेकेवाल्या पेडलमध्ये मात्र आधी मोजणी जुळवून घ्या, नाहीतर तुमच्या सात मात्रा तो आठ करून ठेवील. रूपकला जपा. त्याची सम टाळीवर नसून 'खाली'वर, म्हणजे टाळी न देण्याच्या मात्रेवर असते, आणि पाय चौथ्या मात्रेच्या टाळीवर जायला बघतो.

तंबोरा म्हणून लूपर

माझ्या घरी लूपर सगळ्यात जास्त चालतो तो यासाठी. डी हा षड्ज धरा. चौथी तार मोकळी डी, पाचवी मोकळी ए, म्हणजे सा आणि पंचम. सहावी तारही डीवर उतरवून घ्या. आता प्रत्येक तार सावकाश छेडत आठ-दहा सेकंद भरा. कॉर्ड वाजवू नका. गंधार आला की राग तिथेच बांधला जातो.

छेडण्याचा टोकदार आवाज नको असेल तर गिटारचा नॉब शून्यावर ठेवून तार छेडा आणि करंगळीने नॉब हळूच वर न्या. सूर फुगत येतो. असे तीन-चार थर वेगवेगळ्या जागी चढवले की जोड ऐकूच येत नाही आणि पाय समेवर पडला काय, न पडला काय, फरक राहत नाही. लूपरवर लयीची माफी मिळते ती या एकाच ठिकाणी.

यावर भूप घ्या: डी, ई, एफ शार्प, ए, बी. गिटारवाल्याला हा मेजर पेंटाटॉनिक म्हणून ओळखीचा असतो, पण खाली सा स्थिर वाजत असताना धैवतावर थांबून बघा, तोच स्वर निराळा लागतो. दुर्ग्यासाठी एफ शार्पच्या जागी जी. मालकंसाला मात्र हा लूप पुसून नवा भरा. त्यात पंचम नाही, म्हणून गायक तंबोरा मध्यमावर लावून घेतात. तुम्हीही ए सोडून जी भरा.

माणसांबरोबर

तबलेवाला किंवा ड्रमर सोबत असेल तर लूप त्याला मोठ्याने ऐकू गेला पाहिजे. त्याच्याकडे तोंड करून स्पीकर ठेवा. लूप कुणासाठी थांबत नाही, म्हणून सगळ्यांनी त्याच्या मागे जायचं असतं. आपल्याकडच्या वादकांना हे जड जातं. भजन म्हणा, गाण्याचा शेवट म्हणा, आपली लय चढत जाते, आणि साधा लूपर शेवटपर्यंत पहिल्याच लयीत वाजतो. आरसी-५ सारख्या पेडलमध्ये भरलेल्या लूपची लय बदलता येते, पण वाजवता वाजवता गाण्यासोबत चढवणं अवघडच. मी चढत्या लयीच्या गाण्याला लूपर लावत नाही.

थांबवताना दोन ठोक्यांपैकी दुसरा समेवर पडायला हवा, कारण लूप बंद होतो तो दुसऱ्यावर. पहिला ठोका किंचित आधी, मुखड्यासारखा. त्या वेळी हात तारांवर दाबून ठेवा, आणि लूप थांबला की त्याच क्षणी शेवटची कॉर्ड हाताने वाजवा. तीच घुमत राहते आणि कापलेपणा झाकला जातो.

थांबवल्यावर लूप पुसायला विसरू नका, बहुतेक पेडलांत त्यासाठी पाय दाबून धरायचा असतो. थांबवलेला लूप पेडलमध्ये तसाच राहतो, आणि कित्येक पेडलांत वीज बंद केली तरी जात नाही. सोसायटीच्या गणपतीत माझं पहिलं गाणं ए मायनरमध्ये होतं आणि दुसरं डीमध्ये. दुसऱ्यासाठी समेवर, अगदी अचूक समेवर, मी भरायला म्हणून पाय दिला आणि पहिल्या गाण्याचा अख्खा लूप, चकसकट, सुरू झाला. पुढच्या रांगेतल्या एका काकांना ती फर्माईश वाटली आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.